निरोपाची मराठी

“सोने, तुह्या बाबाले सांग, भाकर टाकली.”

आवाज आईचा. त्याच्यामागे परातीत थापल्या जाणाऱ्या ज्वारीची थपथप असायची, आणि ती थपथप थांबायची फक्त ‘सांग’ या शब्दापुरती. सोनिया तेव्हा एवढीशी होती. मधल्या खोलीत पाटीवर काहीबाही गिरवत बसलेली. ती उठायची, समोरच्या खोलीत जायची, खाटेवर पाय पसरून बसलेल्या बाबाच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, “भाकर टाकली.”

बाबाला ते आधीच ऐकू गेलेलं असायचं. रायपूरजवळच्या बीरगांवातलं ते घर तीन खोल्यांचं, आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक जोडलेलं. समोर बाबाची खाट, मागे स्वयंपाक आणि आईची शिलाई मशीन, मधात सोनिया. मागच्या खोलीत चमचा पडला तरी समोर कळायचं कोणता पडला. तरी बाबा थांबायचा. पोरगी येऊन सांगेपर्यंत त्या घरात भाकर टाकलेलीच नसायची.

“आईले सांग, येतो.”

ती आत जायची आणि म्हणायची, “येतो.” ‘बाबा येतो म्हणतात’ असं नाही, नुसतं ‘येतो’. निरोप जसा हातात पडला तसा न्यायचा, त्याला आपलं बोट लागू द्यायचं नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण ती शिकली होती. आईची भूक आईच्या शब्दांत, बाबाचा राग बाबाच्या शब्दांत. “मले बरं वाटून नाई राहिलं,” असं सोनियाने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलं, की आई तिच्या कपाळाला हात लावायची नाही. समोरच्या खाटेवरच्या माणसासाठी आल्याचा काढा उकळायला ठेवायची.

ही रीत पडली त्याचंही कारण निरोपच होता. लग्नाआधी पद्मिनीने, म्हणजे आईने, नर्सचं शिक्षण पुरं केलेलं. सोनिया मांडीवर होती तेव्हा वरूडकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात जागा निघाली आणि तिला बोलावणं आलं. घरी फोन नव्हता. मामाने उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये, बाबा कामाला होता तिथल्या गेटवर फोन केला. बाबाने, गौतमने, तो घेतला, हव हव म्हटलं, घरी आला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशीही तो कामावर जाऊन आला. सांगितलं तेव्हा तारीख उलटून गेलेली होती.

आई ओरडली नाही म्हणतात. तिने एवढंच म्हटलं, की तुमच्याच्यानं निरोप पोहोचत नाई, आता पोरगी नेईल. पोरगी तेव्हा धड बोलतही नव्हती. पण ती बोलू लागली ते पहिलं बोलणंच मुळी ने-आणीचं.

त्यानंतर आईने मशीन घेतली, पिको-फॉलची कामं धरली. पाराभरच्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया मागच्या दाराने यायच्या. आई त्यांच्याशी भरभरून बोलायची, हसायची. एकटी असली की पायडलच्या तालावर तिच्या आईची चाल धरून स्वतःच्याच ओळी रचायची:

*वाऱ्याच्या गं हाती दिला निरोप माहेराला,*
*वारा वाटेत थांबला, चिंचेसंगं बोलत राहिला.*

समोरच्या खोलीत बाबाच्या टीव्हीचा आवाज मग आपोआप कमी व्हायचा.

वाईट माणसं नव्हती दोघं. एकमेकांना टाकून बोलत नव्हती, ताटात कधी मीठ कमी-जास्त पडलं नाही. बाबाच्या बीपीची गोळी आईच आणून ठेवायची, “त्याईले सांग, उपाशीपोटी नोका घेऊ.” आईच्या पाठीला उसण भरली की बाबा मलम आणायचा, “तिले सांग, चोळून लावजो.” सगळं व्हायचं. फक्त मधात सोनिया लागायची.

आणि स्वतःचं? स्वतःचं बोलायला सोनियाकडे हिंदी होती. शाळेतली, गल्लीतल्या पोरींची, टीव्हीवरची. “मम्मी, रिचार्ज करा दो.” “पापा, आज लेट आऊँगी.” आई वऱ्हाडीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. नातेवाईक नागपूरहून आले की जयभीम घालून झाल्यावर टोमणा मारायचे, पोट्टी तर पक्की रायपूरची झाली, मराठी समजते पण बोलत नाई. ते खरं नव्हतं. ती दिवसभर मराठी बोलायची. फक्त त्या मराठीत तिचं असं काही नसायचं.

हे तिला नीट कळलं ते पुण्याच्या फोनमुळे.

रायपुरातल्या तेलीबांधाच्या एका लहान कंपनीत ती प्रोग्रामर होती. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीने तिच्या मुलाखती घेतल्या होत्या, आणि तिथल्या रूपाली नावाच्या बाईंनी फोन करून सांगितलं, तुमची निवड झाली आहे. मग गोड आवाजात विचारलं, “तुम्ही मराठीच ना? मग मराठीत बोलूया की. सांगा, तुम्हाला यायचं आहे ना?”

सोनियाने तोंड उघडलं. ‘मला’ म्हणायचं होतं, किंवा ‘मले’. जिभेपाशी शब्द आला आणि तिथेच थबकला, परक्याच्या दारात उभं राहावं तसा. शेवटी ती म्हणाली, “मॅम, मैं बताती हूँ.” बाई हसल्या, म्हणाल्या, सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल.

त्या दिवसापासून छातीवर कोणीतरी हात ठेवून बसल्यासारखं झालं होतं. जायचं होतं. इतकं जायचं होतं की बीरगांवच्या फाटकाशी ट्रकांच्या रांगेत ऑटो अडकली, की तिला वाटायचं उतरावं आणि चालत सुटावं. पण गेलं तर या दोघांचं कसं? बाबाला बरं वाटलं नाही तर आईला कोण सांगेल? एकदा ऑफिसमध्ये गडबडीत असताना आईचा मोबाइलवर बोलका निरोप आला होता, त्याईले सांग, येताना गहू दळून आणजा. सोनियाने तो तसाच बाबाला पुढे पाठवून दिला. लगेच बाबाचा फोन. हे काय पाठवलं, म्हणे, उघडला नाई मी, तू सांग काय ते. तिने सांगितलं, “गहू दळून आणजा.” आणला त्याने.

मधली खोली अशीच होती. तिला खिडकी नव्हती. दोन दारं होती, आणि दोन्ही दुसऱ्याच कोणाच्या खोलीत उघडत होती.

ऑफिसमध्येही त्या आठवड्यात जीव मेटाकुटीला आलेला. उरला-सिलतराच्या कारखान्यांतल्या भट्ट्यांचे आकडे, तापमान, दाब, सगळं क्षणोक्षणी त्यांच्या सर्व्हरवर यायचं. तो सर्व्हर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला, बराचसा सोनियाच्याच हातचा. त्याच्या पोटात कामाचे वेगवेगळे धागे चालत, थ्रेड म्हणतात त्यांना. एक वर्कर थ्रेड आलेले आकडे निवडून पाखडून घ्यायचा. दुसरा त्यांच्यावरून हिशेब करून आलेख काढायचा. आणि मधात मुख्य थ्रेड. त्याचं खरं काम वेगळंच, कारखान्यात स्क्रीनसमोर बसलेला माणूस काही विचारेल त्याला तत्काळ उत्तर देणं.

पण थ्रेडची एक गंमत असते. प्रत्येकाची मेमरी वेगळी, भिंतीपलीकडची. याच्या मनातलं त्याला दिसत नाही. काही द्यायचं तर निरोप पाठवायचा, आणि निरोप म्हणजे मूळ वस्तू नाही, तिची नक्कल. सोनियाने रचना अशी केली होती की पहिला वर्कर मुख्य थ्रेडला सांगणार, मुख्य थ्रेड दुसऱ्याला सांगणार, दुसऱ्याचं उत्तर पुन्हा मुख्य थ्रेडकडून पहिल्याला. दुसरी काही रीत असू शकते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या आठवड्यात सिलतऱ्याच्या आणखी एका कारखान्याच्या भट्ट्या जोडल्या, आणि स्क्रीन गोठू लागल्या. माणूस बटण दाबायचा आणि नुसतं चाक फिरत राहायचं. मुख्य थ्रेडला उत्तर द्यायला सवडच नव्हती. तो नकला काढत होता, इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे.

शेजारच्या टेबलावर राकेश बसायचा. धमतरीकडचा, तोंडात कायम सुपारी आणि चेष्टा. त्याने दुपारी तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. सोनियाने मधल्या मधे नजर ठेवायला एक ओळ घातली होती, निरोप गेला की स्क्रीनवर उमटायचा. काळ्या पडद्यावर ओळींचा नुसता पूर लोटला होता.

“दीदी, आपका मेन थ्रेड तो डाकिया हो गया है,” तो म्हणाला. “बेचारे की शादी कब होगी?”

ती हसली नाही. तिने सांगितलं, की नकला काढण्याचा वेळ वाचवून बघितला आहे. आकड्यांचा गठ्ठा नक्कल न करता अख्खा हवाली करता येतो, मग देणाऱ्याच्या हातात रिकामं भांडं राहतं, तसं करून बघितलं. थोडा फरक पडला. पण गठ्ठा मधूनच जातो आहे ना.

“तो वो दोनों आपस में बात काबर नहीं करते?”

“कौन दोनों?” सोनियाने विचारलं, आणि तिचा आवाज असा काही निघाला की राकेश सुपारी चावायचा थांबला.

“वर्कर, दीदी. और कौन?”

रीत होती. तिला ती माहीतही होती, कागदावर वाचलेली. मुख्य थ्रेडने एक वाहिनी तयार करायची. तिला दोन टोकं, पोर्ट म्हणतात. एक टोक या वर्करच्या हाती द्यायचं, दुसरं त्या वर्करच्या. मग ते दोघं थेट बोलतात, मुख्य थ्रेडला मधे यावं लागत नाही.

तिने लिहिलं आणि चालवून बघितलं. लाल अक्षरांत नकार आला. तिने पुन्हा वाचलं. चूक इतकी साधी होती की तिला स्वतःची लाज वाटली. पोर्ट तिने नेहमीच्या निरोपासारखाच पाठवला होता, नक्कल जाईल आणि मूळ आपल्याकडे राहील अशा हिशेबाने. पोर्टची नक्कल होत नाही. ‘हा मी कायमचा हवाली करते आहे’ असं निराळं लिहून द्यावं लागतं, आणि एकदा दिला की देणाऱ्याला त्यातून काही ऐकू येत नाही, काही बोलता येत नाही. तिला हे ठाऊक होतं. तरी तिच्या बोटांनी तेवढंच गाळलं होतं.

ती बराच वेळ त्या लाल ओळीकडे बघत राहिली. मग तिने लिहून दिलं.

काळा पडदा थांबला. एकही ओळ उमटेना. तिला वाटलं सगळं मेलं. हात बंद करायच्या बटणाकडे गेला. राकेशने आपल्या स्क्रीनवर सिलतऱ्याच्या भट्टीचा आलेख उघडला होता. रेघ चढत होती, उतरत होती, पुढे सरकत होती.

“चलत हे, दीदी,” तो आपल्या छत्तीसगढीत म्हणाला. “बने चलत हे.”

आकडे जात होते. उत्तरं येत होती. तिच्या हातून काही जात नव्हतं, एवढंच.

साहेब खूश झाले, चहा सांगितला. सोनिया खिडकीशी उभी राहून तो प्यायली आणि तिला आपल्या घरचं काहीच सुचलं नाही. यंत्राला दोन टोकं हातात देता येतात. आई-बाबांच्या हाती काय द्यायचं? बोलका निरोपसुद्धा उघडत नाही तो माणूस. संध्याकाळी ऑटोत बसली तेव्हा आईचा फोन आलाच, त्याईले सांग, रविवारी सुटी आहे तर नळाची तोटी बदलून घ्या म्हणा. सोनियाने नेला तो निरोप. बाबाचा परतीचाही आणला.

मग रविवार उजाडला. सोमवारच्या आधीचा.

बाबा समोरच्या खोलीत पेपर घेऊन बसला होता. मागे मशीन चालू होती. कोणाच्या तरी लग्नाच्या साड्यांना फॉल लागत होता. सोनिया मधल्या खोलीत सकाळपासून वाक्य घोकत होती. हिंदीत ते सोपं होतं, अगदी तयार. पण या घरात हिंदीत बोललेलं टिकत नसे. हिंदीत फक्त रिचार्ज, ऑटो, उशीर. आई ‘हो हो’ म्हणून मशीनखालची साडी पुढे सरकवायची. खरं म्हणून जे काही होतं ते या घरात मराठीतूनच आलं-गेलं होतं. ती मागच्या दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या निरोपापेक्षा जरा मोठ्याने म्हणाली,

“मले पुण्याले जायचं आहे.”

मशीन थांबली.

आईने मान वर केली नाही. कात्रीने दोरा तोडला, साडी झटकली. मग म्हणाली, “त्याईले सांग, या वयात पुण्याले काय ठेवलं आहे? प्लांटवाले सोडतात काय? आन् मी येत नाई.”

क्षणभर सोनियाला कळेना काय झालं. मग कळलं. आईने तिचं कपाळ बघितलं नव्हतं. आई समोरच्या खाटेवरच्या माणसाला उत्तर देत होती.

ती काही बोलायच्या आत समोरून पेपरची घडी मोडल्याचा आवाज आला. “सोनू, आईले विचार, मी कधी म्हटलं पुण्याले जातो? तिलेच जायचं असन. तसंच सांग म्हणा सिध्धं.”

“मले?” आई म्हणाली, साडीकडे बघून. “त्याईले सांग, मी कायले जाऊ? कोण आहे माह्यं तिथी?”

“तिले सांग, मले काय माहीत कोण आहे. ज्याईले जायचं असते ते सांगत नाईत.”

“त्याईले सांग,” आणि आईचा आवाज एकदम खाली आला, विहिरीत बादली उतरावी तसा, “जायचं तर खुशाल जा म्हणा. मी नाई अडवणार. मले अडवलं होतं, तसं मी कोणाले अडवत नाई.”

टीव्ही बंदच होता. गल्लीतून भाजीवाल्याचा ठेला गेला, त्याची आरोळी लांब जाऊन विरली. सोनिया मधे उभी होती आणि आईचं वाक्य तिच्या हातात होतं. जुन्या सवयीने तिचं एक पाऊल समोरच्या दाराकडे वळलंही. बाबाने ते वाक्य ऐकलं आहे, हे तिला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. तरी दोघं थांबले होते, ती चालून जाईल, गुडघ्यावर हात ठेवील, म्हणेल.

तिने पाऊल मागे घेतलं.

वाक्य तिथेच राहिलं, कोणीही न नेलेलं. ते राहणं सहन होईना असं झालं. आई आता मान वर करून तिच्याकडे बघत होती, कपाळावर आठी, काहून गेली नाही ही पोट्टी. समोरून खाट करकरली.

“सोनू,” बाबा म्हणाला. “आईले विचार... खरंच जायची आहे काय ती.”

त्याचा आवाज म्हाताऱ्याचा होता. सोनियाला वाटलं, हा एवढा एकच निरोप न्यावा, शेवटचा. नेला असता तर आई काही बोलली असती, त्यावर बाबा काही बोलला असता, आणि उद्याचा सोमवार त्या बोलण्यात निघून गेला असता. तिने दोन्ही हात दाराच्या चौकटीला धरले.

उत्तर येत नाही असं बघून बाबा उठला. मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. त्याच वेळी आईही मशीनमागून उठून आली, बोटात अंगुस्तान तसंच. सोनियाच्या डोक्यावरून दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कुठल्याशा चुकीच्या घरात शिरल्यासारखं, आणि मग दोघांनीही पोरीकडे बघितलं.

“काय म्हणून राहिले बाबा?” आईने विचारलं.

“काय म्हणते आई?” बाबाने विचारलं.

सोनियाला घाम फुटला होता. हिंदी जिभेच्या टोकाशी हात जोडून उभी होती. तिने तिला बाजूला सारलं.

“बाबा काही नाई म्हणत, आई. आई काही नाई म्हणत, बाबा,” ती म्हणाली. “मी हा कोणाचाच निरोप नाई आणला. मले नोकरी भेटली पुण्याले. मले या मधात श्वास नाई घेता येत. मले जायचं आहे. मले म्हणजे मले, सोनियाले.”